सात नंबरची तार

६ फेब्रुवारी

दादा,

सहाशे बारा लिहून पेनाला टोपण घालत होते, तेवढ्यात पडद्यावर सहाशे तेरा झालं. फॉर्मवर खाडाखोड केली. खाडाखोड चालत नाही, म्हणून नवा फॉर्म आणला. तो समोर ठेवूनच तुला लिहिते आहे. फोनवर तुला ऐकू जात नाही, आणि ऑफिसात बसून ओरडायचं वय राहिलं नाही.

विभागप्रमुखाची जागा रिकामी होते आहे. फॉर्मात विचारतात, आजवर निबंध किती छापले आणि दुसऱ्यांनी आपापल्या निबंधात त्यांचा आधार किती वेळा घेतला. याला सायटेशन म्हणतात. माझे निबंध अडतीस. सदतिसांची मिळून बेरीज दोनशेच्या आत, आणि त्या एकट्याची सहाशे तेरा. कुठला ते तुला सांगायला नको. या सगळ्यातून माझा एच-इंडेक्स निघतो अकरा. हसू नकोस, हल्ली माणूस त्यावरून ओळखतात.

शेवटी 'सर्वसामान्य माणसाला कळेल अशा भाषेत' कामाचं वर्णन मागितलंय. मी लिहिलं: 'वायू प्रचंड तापवला की त्यातले अणू फुटतात आणि विजेने भारलेले कण सुटे होतात. तो प्लाझ्मा. तो ज्या भांड्यात कोंडतात, त्याच्या भिंतीला त्याची आच लागते. भिंतीला विशिष्ट लेप दिला तर ही आच एक तृतीयांशाने कमी होते, हे मी मोजून दाखवलं.' कशाने मोजलं ते लिहायला जागा नव्हती. नाहीतर लिहिणार होते: काचेच्या नळीतून सहा मिलिमीटर बाहेर डोकावणाऱ्या एका तारेने, जी माझ्या मावसभावाने ओवली.

एक काम आहे. फॉर्मला मूळ उपकरणाची नोंद जोडायची आहे. तुझ्या जुन्या काचशाळेच्या रजिस्टरात सात नंबरच्या प्रोबचं, म्हणजे त्याच तारेच्या नळीचं, पान असेल. त्याची प्रत मिळेल का?

चिंगीच्या प्लाझ्मा-यंत्राची बातमी वाचली. २७ एप्रिलला पहिल्यांदा पूर्ण ताकदीने चालवणार. त्यांची आतली भिंत माझ्याच आकड्यावर बेतलीय, ठाऊक आहे ना? आत्याचा आकडा, बापाची तार आणि लेकीचं पाणी. घरचंच यंत्र म्हणायचं.

तुझी
धाकटी


१४ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. आशीर्वाद आहेतच, त्यांना वेगळं तिकीट लागत नाही.

रजिस्टर नाही. काचशाळा बंद झाली तेव्हा सगळे कागद गोण्यांत भरून नेले. कुठे नेले माहीत नाही. शोधू नकोस.

अकराचं काही कळलं नाही. पूर्वी पोरांची उंची दारावर रेघ मारून मोजायचे, तसलं काही असावं. अकरा फूट झाली असशील तर दार बदलून घे.

तार मी ओवली असं कुठे लिहू नकोस. तुझ्या निबंधाच्या शेवटी एक ओळ आहे, 'तांत्रिक साहाय्याबद्दल काचकामगारांचे आभार.' तेवढी पुष्कळ झाली. खरं तर तीही नको होती.

एक विचारायचं होतं. ती भिंत जाडीला किती आहे? चिंगीला पत्रात विचारलं तर लिहिते, "बाबा, पाण्याचं विचारा, भिंत माझ्याकडे नाही." तिचं पंपघर भिंतीपासून किती लांब, हेही धड सांगत नाही. म्हणे, "इतकं जवळ की चहा गार होत नाही." मला हा विनोद आवडला नाही.

दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

'तीही नको होती.' हे वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. वीस वर्षांनी का होईना, बोललास. निबंधावर तुझं नाव हवं होतं. मी घातलंही होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी काढायला लावलं. म्हणाले, काच फुंकणारा लेखक होत नाही. मी भांडले नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता राग सोड.

भिंतीचं विचारलंस. आतून तोच लेप दिलेल्या कार्बनच्या फरशा आहेत. आधी तीस मिलिमीटर जाडीच्या ठरल्या होत्या. मग माझा निबंध पुढे ठेवून वीसच्या केल्या. आच एक तृतीयांश कमी, तर फरशीही एक तृतीयांश पातळ. आत जागा वाढली, सगळे खूश. फरशांमागे नळ्या आणि भिंत गार ठेवायला नळ्यांत चिंगीचं पाणी. पंपघर त्याच भिंतीला पाठ लावून उभं आहे. समाधान झालं?

या आठवड्यात एक रिकामा उद्योग केला. ज्या निबंधांनी माझा आधार घेतलाय, ते मिळतील तेवढे काढून वाचले. जवळजवळ सगळ्यांनी मला पहिल्या परिच्छेदात उभं करून ठेवलंय. 'हे आता सर्वमान्य आहे' असं म्हणायचं, माझा क्रमांक टाकायचा आणि पुढे जायचं. कुणी मूळ निबंध उघडला असेल असं वाटत नाही. फार पूर्वी एकाने पान क्रमांक चुकीचा दिला, तोच पुढच्या चाळीस जणांनी उतरवून घेतलाय.

स्वतः मोजून पाहणारे अकराच निघाले. दोघांना माझ्यासारखाच आकडा मिळाला. ते दोघेही सरांचे विद्यार्थी. उरलेल्या नऊ जणांना आच कमी झालेली दिसली नाही. पण नऊही जणांनी लिहिलंय की आमचाच लेप नीट बसला नसावा. वाचून बरं वाटलं. मग थोड्या वेळाने बरं वाटेना. का ते सांगता येत नाही.

रजिस्टरचं पान नसलं तरी चालेल. प्रोबचा फोटो जोडते.

धाकटी


५ मार्च

धाकटे,

चिंगीला सांग, २७ एप्रिलला रजा घे. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. कारण काहीही सांग. मी आजारी आहे म्हण. मी पडायला तयार आहे.

रागाचं म्हणशील तर मला राग नाही. कधीच नव्हता.

दादा


११ मार्च

दादा,

तुझ्यापुढे हात टेकले. चिंगीला फोन केला. तिने आधी विचारलं, "बाबा खरंच आजारी आहेत का?" मी म्हटलं, "नाही, पण व्हायला तयार आहेत." खूप हसली. मग म्हणाली, "आत्या, पाण्याच्या कागदावर माझी सही झाल्याशिवाय इथे कुणी बटण दाबत नाही. मी घरी बसले तर सही काय गुरुजी करणार?"

गुरुजी म्हणजे तिच्या हाताखालचा जुना फिटर. तिच्या दुप्पट वयाचा, तीन-चार महिन्यांत निवृत्त होईल. हिने व्हॉल्व्हला हात लावला की तिच्याकडून नियम म्हणून घेतो. परवा काय झालं, हिला नियम चौदा आठवेना. गुरुजींनी पाना खिशात घातला आणि म्हणाले, "आठवला की सांगा, मी बसलोय." नियम चौदा असा: सही करणाऱ्याने यंत्र चालू असेतो पंपघर सोडायचं नाही. सांगताना तिला कोण अभिमान.

फॉर्म देऊन टाकला. मुलाखत दोन एप्रिलला. आकडा सहाशे सोळावर गेलाय. सर परवा भेटले. थकलेत, काठी आलीय, पण तोच तोरा. म्हणाले, "तुझ्या एका निबंधावर आमच्या अख्ख्या संस्थेचं नाव चाललंय." मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

तू घाबरतोस कशाला? यंत्र नवीन आहे, लोक हुशार आहेत आणि आकडा माझा आहे. की माझ्यावरच विश्वास नाही?

धाकटी


१९ मार्च

धाकटे,

सोबत औषधाची डबी आहे. आधी पत्र वाच, मग उघड.

प्रयोगाच्या त्या आठवड्यात शुक्रवारी तू सात नंबरचा प्रोब मापून घेतलास आणि त्याने लेपाशिवायची आच मोजलीस. तार काचेबाहेर सहा मिलिमीटर. तुझ्या कागदावर तसंच लिहिलं गेलं. शनिवारी मी तो पुसायला काढला आणि काच तडकली. त्या महिन्यातली माझी तिसरी. तिसऱ्या मोडतोडीला माणसाला काचशाळेतून उचलून भांडारात टाकत, तुला आठवत असेल. खोकी उचलायला. मला काचेशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

भांडार बंद होतं, तारेचं रीळ संपलेलं. बाकाखाली एक तुकडा सापडला. काचेने घट्ट धरायचं तर ठरावीक लांबी आत जावीच लागते. बाहेर चारच उरली. म्हटलं, सोमवारी सांगू. आणि त्यावर सात रंगवला.

सात का, तर ती आमची रीतच होती. नवा नंबर घातला की रजिस्टरात नवं पान, आणि नवं पान उघडलं की जुन्याचं काय झालं ते लिहा. म्हणून फुटलेल्याचा नंबर नव्यावर चढवायचा. सगळे तसंच करत. मला शिकवलंही तसंच. एरवी लांबीही तीच ठेवत, त्यामुळे कधी कुणाचं अडलं नाही.

रविवारी तुम्ही भिंतीला लेप दिलात. सोमवारी दुपारी तू धावत आलीस. जिन्यातूनच ओरडलीस, "दादा, एक तृतीयांश!" तेव्हा मला ऐकू येत होतं. माझ्या हातात बर्नर होता, तो मी बंद केला. विचारलं, "नक्की ना?" तू म्हणालीस, "तुझी तार खोटं बोलेल का?"

मी शाळा पुरी केली नाही. पण सहातून दोन गेले की चार उरतात आणि आखूड तारेवर आच कमी पडते, एवढं मला तिथेच कळलं. तुमच्या लेपाने काही झालं नव्हतं. तार आखूड होती.

पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. मग सर स्वतः खाली आले आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्याशी हात मिळवला. मग निबंध छापला. मग तू आकडे कळवायला लागलीस. पन्नास झाले, शंभर झाले, तीनशे झाले. दर वेळी मला वाटायचं, एवढ्या शिकलेल्या माणसांनी पाहिलं, चूक असती तर एकाला तरी दिसली असती. तेव्हा चुकत असेन तर मीच. असं म्हटलं की झोप लागायची. तुझं २३ तारखेचं पत्र आल्यापासून लागत नाही. त्या नऊ जणांचा लेप चांगला होता.

डबीत जुना सात आहे. काच तडकलेली, तार शाबूत. फेकवला नाही. नवा सात तुझ्याकडेच असेल. मोज.

भिंत तीसच हवी होती.

दादा


१४ एप्रिल

दादा,

तुला दोन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की तुझं वय झालंय. दुसऱ्यात त्याहून वाईट होतं.

नवा सात माझ्या कपाटात आहे, मखमलीवर, काचेच्या पेटीत. पाहुणे आले की दाखवते. वीस वर्षांत कुणी त्याला माप लावलं नाही, मीसुद्धा नाही. लावलं. चार. तुझ्या डबीतला सहा.

मग तेव्हाची वही काढली. सोमवारच्या पानावर, आकड्यांच्या शेजारी, माझ्याच अक्षरात: 'प्रोब पुन्हा मापावा?' त्याखाली काही नाही. म्हणजे तुझ्याकडे येण्याआधी माझ्याही मनात आलं होतं. तुला विचारायला म्हणून निघाले असणार, आणि जिना उतरेपर्यंत सांगायला आले.

तुझं पत्र मला २३ मार्चला मिळालं. मुलाखत दोन एप्रिलला होती. मधले दहा दिवस मी काय केलं ते विचारू नकोस. मुलाखत दिली. समितीतल्या एकाने विचारलं, "इतका भक्कम निकाल. यामागचं रहस्य काय?" मी म्हणाले, "चांगली तार." सगळे हसले. माझी निवड झाली.

तीन तारखेला चिंगीच्या प्रमुखांना लिहिलं. दोन्ही प्रोबांचे फोटो, मापं, वहीचं पान, सगळं जोडलं. फोनही केला. ते फार सभ्यपणे बोलले. मग लेखी उत्तर आलं, ते जसंच्या तसं उतरवते:

'निवडीबद्दल अभिनंदन. आपण व्यक्त केलेल्या शंकेची नोंद घेतली आहे. तथापि आपला मूळ निकाल सहाशेहून अधिक ठिकाणी आधारभूत मानला गेला आहे. आपल्या नव्या म्हणण्यास काही प्रकाशित आधार असल्यास कळवावे. तूर्त कार्यक्रमात बदल संभवत नाही.'

माझ्याविरुद्ध साक्षीला मीच, आणि तीही सहाशे वेळा.

जर्नलला कळवलं की निबंध मागे घ्यायचा आहे. ते दोन परीक्षक नेमणार, चार महिने लागतील. सरांकडे गेले. त्यांनी दोन्ही तारा डोळ्यांजवळ धरून पाहिल्या आणि म्हणाले, "मला हल्ली बारीक दिसत नाही." मग चहा विचारला.

आज आकडा सहाशे अठरा आहे. नवा निबंध चिंगीच्या प्रमुखांचा. विषय, भिंतीची जाडी.

चिंगीला मी सांगितलेलं नाही. तू बाप आहेस, तू सांग. हे लिहितानाच कळतंय की मी पुन्हा तुझ्याआड उभी राहते आहे.

धाकटी


२६ एप्रिल, संध्याकाळ

धाकटे,

काल इथे पोचलो. यंत्राच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक लॉज आहे, तिथे उतरलोय. खिडकीतून फाटक दिसतं. आज दिवसभर फुलांच्या कुंड्या आत जात होत्या. उद्या पाहुणे आहेत.

तू मुलाखत दिलीस हे लिहिलंस, बरं केलंस. मी वीस वर्षं घेतली, तू दहा दिवस. मी काय बोलणार?

चिंगीला त्यांच्या कँटीनमध्ये सांगितलं. मोठ्याने बोललो असणार, मला अंदाज येत नाही. शेजारची टेबलं गप्प झाली. तिने कागदाच्या रुमालावर लिहून विचारलं, 'किती फरक?' मी लिहिलं, 'दोन मिलिमीटर.' तिने ते वाचलं, मग बोटांच्या चिमटीत तेवढं अंतर धरून पाहिलं. चहा तसाच राहिला. काहीतरी बोलली. मी म्हटलं, लिही. तिने लिहिलं, 'मी लहान असताना तुम्ही मला काचेचा हंस करून दिला होता. त्याची एक बाजू आखूड होती. मी विचारलं तर म्हणालात, तो वळतोय.'

मला आठवत नव्हतं.

सही करणार नाही म्हणाली. सही नसेल तर यंत्र चालणार नाही, असा तिचा हिशेब. सकाळी नऊला प्रमुखांच्या खोलीत जाऊन लेखी देणार आहे. नोकरी जाईल. जाऊ दे म्हटलं.

गुरुजी भेटले. माझ्याच वयाचे. हातावर जुने डाग, पाइप जोडणाऱ्यांच्या हातावर असतात तसले. त्यांना ऐकवावं लागलं नाही, चिंगीने आधीच सांगितलं होतं. माझ्या कानाला तोंड लावून ओरडले, "पोरीचं आयुष्य पुढे आहे, तिला भांडायला लावू नका! माझे दोनच महिने राहिलेत, माझं कोण काय वाकडं करणार?" मी हसलो. तेही हसले. आम्ही दोघांनी एकमेकांचे हात पाहिले. मग ते पाण्याचा दाब बघायला आत गेले.

खोलीत आल्यावर त्यांचं बोलणं पुन्हा आठवलं. तिच्याऐवजी भांडतो म्हणाले, की तिच्याऐवजी सही करतो, ते आता वेगळं वाटतं आहे. फाटकावर जाऊन चौकशी केली. पहारेकऱ्याने घड्याळ दाखवलं आणि हात हलवला. चिंगी फोन उचलते की नाही, मला कळायचा मार्ग नाही. लॉजच्या माणसाला लावायला सांगितला. तो म्हणाला, वाजतोय.

सकाळी लवकर फाटकाशी उभा राहीन.

दादा


(मागच्या बाजूला, पेन्सिलीने)

२७ एप्रिल

पत्र टाकायचं राहिलं.

चिंगीने सही केली नाही. ती नऊ वाजता प्रमुखांच्या खोलीत गेली, तेवढ्यात पाण्याच्या कागदावर तिच्या जागी गुरुजींनी सही करून टाकली आणि ते पंपघरात जाऊन बसले. सही आहे म्हणून साडेनऊला यंत्र चालू केलं. नऊ चाळीसला खालच्या रांगेतली फरशी तडकली, मागची नळी फुटली आणि वाफ पंपघरात शिरली. चिंगी बाहेर होती, गुरुजी आत. मला आत सोडलं नव्हतं. मी फाटकासमोरच्या बाकावर बसलो होतो. मला काही ऐकू आलं नाही. लोक धावताना दिसले, तेव्हा उठलो.